टेडकाका, तिजोरी आणि तेराशे किलोमीटरची पाइपलाइन

अलास्कातल्या बहुतेक खेड्यांपर्यंत आजही रस्ता पोहोचलेला नाही. तिथल्या दुकानांत पिठाची पोती, बाळांचे डायपर, डबाबंद अन्न आणि शीतपेयांचे खोके येतात ते विमानाने, आणि तेही टपाल म्हणून! अँकरेजचा घाऊक व्यापारी किमान १,००० पौंड, म्हणजे साधारण साडेचारशे किलो माल एकत्र रचतो, बांधतो, पार्सलचा दर भरतो आणि तो माल परस्पर विमान कंपनीच्या हवाली करतो. पोस्टाच्या कचेरीचा उंबरठा हा माल कधी ओलांडत नाही. गावच्या धावपट्टीवर विमान उतरले की तो सरळ दुकानदाराच्या ताब्यात जातो. व्यापाऱ्याने भरलेल्या टपालदरापेक्षा विमानाचे भाडे कितीतरी जास्त पडते आणि मधली तूट अमेरिकेचे टपाल खाते सोसते. ‘बायपास मेल’ नावाची ही सोय १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू आहे आणि अमेरिकेच्या ५० राज्यांपैकी फक्त याच एका राज्यात आहे.

एवढ्या अवाढव्य देशाच्या टपाल खात्याने एकाच राज्याचा किराणा वाहावा, हे घडले कसे? या प्रश्नाचा माग काढत गेले की एका माणसापाशी येऊन थांबावे लागते. टेड स्टीव्हन्स. २४ डिसेंबर १९६८ रोजी त्यांची सिनेटवर नेमणूक झाली आणि जानेवारी २००९ पर्यंत ते तिथेच होते. अलास्कात लहानथोर सगळे त्यांना टेडकाका म्हणत. रस्ते, बंदरे, धावपट्ट्या, दवाखाने, नळाचे पाणी, सैन्याचे तळ, मासेमारीचा कायदा, तेलाची पाइपलाइन, काहीही घ्या, कागदपत्रांत कुठेतरी त्यांचा हात सापडतोच.

आपल्याकडे ‘निधी खेचून आणणारा नेता’ हे कौतुक निवडणुकीच्या प्रत्येक सभेत ऐकू येते. पण स्टीव्हन्स यांच्यापाशी जी ताकद होती, ती आपल्या कोणत्याही खासदाराकडे नाही, असूच शकत नाही. कारण त्या ताकदीचा उगम अमेरिकेच्या राज्यघटनेत आहे.

राज्यसभेत महाराष्ट्राच्या १९ जागा आहेत आणि गोव्याची १. लोकसंख्येच्या प्रमाणात हे आपल्याला रास्त वाटते. अमेरिकेच्या सिनेटमध्ये मात्र प्रत्येक राज्याला २ जागा, राज्य केवढेही असो. १९७० च्या जनगणनेत कॅलिफोर्नियाची लोकसंख्या २ कोटींच्या घरात होती आणि अलास्काची होती जेमतेम ३ लाख. तरी सिनेटमध्ये दोघांचे वजन सारखे. म्हणजे अलास्कातल्या एका माणसाच्या मताला सिनेटपुरती कॅलिफोर्नियातल्या सहासष्ट माणसांच्या मतांइतकी किंमत होती.

दुसरी गोष्ट तिजोरीची. आपल्याकडे अर्थसंकल्प सरकार मांडते आणि बहुमताच्या जोरावर तो जवळजवळ जसाच्या तसा मंजूर होतो. साध्या खासदाराच्या हाती उरतो तो वर्षाचा ५ कोटींचा स्थानिक विकास निधी. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष पाठवतात तो अर्थसंकल्प म्हणजे नुसता प्रस्ताव. कोणत्या खात्याला, कोणत्या कामाला किती डॉलर द्यायचे हे काँग्रेसची दोन्ही सभागृहे ओळीओळीने ठरवतात, आणि सिनेटच्या बाजूने ते लिहिते विनियोग समिती. या समितीच्या पोटात डझनभर उपसमित्या: संरक्षणाची एक, शेतीची एक, ऊर्जा आणि जलव्यवस्थेची एक, अंतर्गत जमिनींची एक. प्रत्येक उपसमितीचा अध्यक्ष आपापल्या विधेयकाचा पहिला मसुदा हाती घेतो. हजार पानांच्या विधेयकात एखाद्या बंदराच्या धक्क्यासाठी दीड ओळ घालायची की नाही, हे तिथे ठरते. शिवाय प्रतिनिधीगृहाचा मसुदा वेगळा निघाला की दोन्हीकडचे मोजके सदस्य एका खोलीत बसून मेळ घालतात. त्या खोलीत कोण बसणार? तेच, ज्यांनी समितीत सर्वांत जास्त वर्षे काढली आहेत.

इथे सगळे कोडे उलगडू लागते. सिनेटमध्ये चलन एकच आणि ते म्हणजे ज्येष्ठता. समितीतली वर्षे मोजायची आणि बहुमताच्या पक्षातल्या सर्वांत जुन्या सदस्याला अध्यक्षपद द्यायचे, हा तिथला पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. बुद्धी, वक्तृत्व, लोकप्रियता यांची किंमत आहेच, पण वर्षे उसनी आणता येत नाहीत. छोट्या राज्याच्या मतदारांना हे बरोबर कळले. आपला सिनेटर बदलला तर नवा माणूस रांगेच्या शेवटी उभा राहणार, हा हिशेब करून अलास्काने स्टीव्हन्स यांना पुन्हापुन्हा निवडून दिले, बहुतेक वेळा प्रचंड मताधिक्याने. पश्चिम व्हर्जिनियाच्या खाणकामगारांनी रॉबर्ट बर्ड यांना आणि हवाईच्या मतदारांनी डॅनियल इनोउये यांना असेच जपले. पैसा साठवावा तशी या लोकांनी वर्षे साठवली, आणि त्यावरचे व्याज पुढे कित्येक दशके खाल्ले.

इनोउये आणि स्टीव्हन्स यांची जोडी तर विलक्षणच. एक डेमोक्रॅट, दुसरे रिपब्लिकन. संरक्षण खर्चाच्या उपसमितीचे अध्यक्षपद, बहुमत कोणाचे आहे त्याप्रमाणे, कितीतरी वर्षे या दोघांतच फिरत राहिले. दोघेही दुसऱ्या महायुद्धात लढलेले. इनोउये यांनी इटलीत उजवा हात गमावलेला. दोघांची राज्ये १९५९ मध्येच अमेरिकेत सामील झालेली आणि मुख्य भूमीपासून तुटलेली. दोघे एकमेकांना भाऊ म्हणत आणि भावासारखेच वागत. एकाचा पक्ष हरला तरी दुसऱ्याच्या राज्याच्या ओळी विधेयकात शाबूत राहत. वॉशिंग्टनमधले पक्षीय वैर पाहून हताश होणाऱ्याने या मैत्रीकडे जरूर पाहावे. अर्थात या मैत्रीचे बिल इतर ४८ राज्यांच्या करदात्यांच्या नावावर फाटत होते, हेही तितकेच खरे.

स्टीव्हन्स जन्माने अलास्काचे नव्हते. १९२३ मध्ये इंडियानापोलिसला जन्म. महायुद्धात ते चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीवर सी-४६ आणि सी-४७ ही मालवाहू विमाने चालवत. रस्ता नसलेल्या मुलखात औषध, इंधन आणि अन्न केवळ आकाशातून पोहोचवायचे, ही त्या आघाडीची रोजची गरज होती. विशी-बाविशीतल्या एका वैमानिकाने ती अंगाने अनुभवली आणि पुढे त्याच माणसाने गोठलेल्या खेड्यांचा किराणा विमानाने नेणारी व्यवस्था जन्मभर जिवापाड जपली. हा निव्वळ योगायोग असेल असे मला वाटत नाही.

युद्धानंतर हार्वर्डची वकिली, १९५०च्या दशकात फेअरबँक्सला सरकारी वकिलाची नोकरी आणि मग वॉशिंग्टनला अंतर्गत खात्यात बदली. अलास्का तेव्हा राज्य नव्हते, केंद्राच्या ताब्यातला प्रदेश होता. त्याला राज्याचा दर्जा मिळावा म्हणून खात्याच्या आतून खटपट करणाऱ्यांत स्टीव्हन्स आघाडीवर होते. त्या वेळचा मुख्य आक्षेप होता की हे राज्य पोटापाण्याला काय करणार? एवढी कमी माणसे, एवढी थंडी, कर भरणार कोण? यावर तोड म्हणून १९५८ च्या कायद्याने नव्या राज्याला एक अपूर्व देणगी दिली: केंद्राच्या मोकळ्या जमिनीतून १० कोटी एकरांहून जास्त जमीन स्वतः निवडून घेण्याचा हक्क. अख्ख्या महाराष्ट्राचे क्षेत्रफळ त्याहून कमी भरते. आणि निवडलेल्या जमिनीच्या पोटातले खनिजही राज्याचेच.

मग निवडायचे काय? राज्याच्या सेवेत टॉम मार्शल नावाचे एक भूवैज्ञानिक होते. त्यांनी नकाशाच्या अगदी वरच्या टोकाला, आर्क्टिक महासागराच्या काठावरच्या ओसाड पट्ट्यावर बोट ठेवले. तिथल्या खडकांची ठेवण त्यांना तेलाची वाटत होती. झाड नाही, वस्ती जवळजवळ नाही, हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे सूर्य उगवत नाही. अनेकांना ही निवड वेडेपणाची वाटली. तरी १९६४ मध्ये राज्याने तो पट्टा मागितला. त्या पट्ट्यात प्रूडो बे होते. १९६८ मध्ये तिथे उत्तर अमेरिकेतला सर्वांत मोठा तेलसाठा सापडला आणि १० सप्टेंबर १९६९ रोजी अँकरेजमध्ये झालेल्या लिलावात तेल कंपन्यांनी एका दिवसात ९० कोटी डॉलरची बोली लावली. पोटापाण्याचे काय, या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते.

पण तेल महासागराच्या काठी होते आणि तो महासागर वर्षातला बहुतेक काळ गोठलेला. जहाज येणार कुठून? एकच वाट होती, तेल पाइपने दक्षिणेला व्हॅल्डीझच्या बर्फमुक्त बंदरात आणणे. अंतर ८०० मैल, म्हणजे १,३०० किलोमीटरच्या जवळपास. कंपन्यांना एवढी घाई की त्यांनी परवानगीची वाट न पाहता ४८ इंच व्यासाचे पाइप जपानमधून मागवले, कारण त्या मापाचे पाइप अमेरिकेतला कोणताही कारखाना तेव्हा बनवत नव्हता. पहिला माल १९६९ च्या सप्टेंबरमध्ये व्हॅल्डीझला उतरला. आणि मग तो नुसता पडून राहिला. वर्ष गेले, दोन गेली, पाच गेली.

घोडे अडले होते जमिनीच्या मालकीपाशी. रशियाने १८६७ मध्ये अमेरिकेला अलास्का विकला तेव्हा तिथे हजारो वर्षे राहणाऱ्या इनुपिआक, यूपिक, अथाबास्कन, ट्लिंगिट लोकांना कोणी विचारले नव्हते. त्यांच्या जमिनीचा हक्क कधी मान्य झाला नाही आणि कधी रद्दही झाला नाही. त्यांनी आपले दावे नेटाने पुढे आणले तेव्हा १९६६ मध्ये अंतर्गत मंत्री स्टुअर्ट युडॉल यांनी जमिनीचे सारे व्यवहार गोठवून टाकले. पाइपलाइन हवी असेल तर आधी मूळ रहिवाशांशी तडजोड करा, असा पेच पडला. १८ डिसेंबर १९७१ च्या कायद्याने तो सुटला: ४ कोटी ४० लाख एकर जमीन आणि ९६ कोटी २५ लाख डॉलर. विशेष म्हणजे ही जमीन राखीव प्रदेश म्हणून दिली गेली नाही. मूळ रहिवाशांच्या कंपन्या स्थापन झाल्या, लोक त्यांचे भागधारक झाले आणि जमीन त्या कंपन्यांच्या नावावर चढली. स्टीव्हन्स या कायद्याच्या मुख्य शिल्पकारांपैकी एक. पुढे त्यांनी या कंपन्यांना सरकारी कंत्राटांत सवलती मिळवून दिल्या आणि त्यांतल्या काही आज अलास्कातल्या सर्वांत मोठ्या उद्योगांत मोडतात. या व्यवस्थेवर टीका खूप झाली. भागधारक होणे आणि आपल्या भूमीचे धनी असणे यांत अंतर आहेच. पण तोपर्यंत अमेरिकेने मूळ रहिवाशांशी केलेल्या करारांचा इतिहास वाचला की हा तोडगा किती वेगळा होता ते जाणवते.

एक गाठ सुटली, दुसरी उरली. १ जानेवारी १९७० रोजी अमलात आलेल्या पर्यावरण कायद्याचा आधार घेऊन संस्था न्यायालयात गेल्या होत्या आणि काम थांबले होते. १७ जुलै १९७३ रोजी सिनेटपुढे अलास्काचे दुसरे सिनेटर माइक ग्रॅव्हेल यांची दुरुस्ती आली: पर्यावरणाचा अभ्यास पुरेसा झाला आहे असे काँग्रेसनेच जाहीर करावे, म्हणजे न्यायालयाला त्या मुद्द्यावर पुन्हा दार उघडता येणार नाही. मते ४९ विरुद्ध ४९ अशी समसमान झाली. उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांनी अध्यक्षांच्या खुर्चीवरून आपले निर्णायक मत पाइपलाइनच्या बाजूने टाकले. तीन महिन्यांनी अरब देशांनी तेल रोखले, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि उरलासुरला विरोध मावळला. १६ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सही केली. पूर्ण सिनेटमध्ये जेव्हा एका मताचा खेळ होतो, तेव्हा ३ लाखांच्या राज्याला २ मते असणे म्हणजे काय, ते त्या जुलैत दिसले.

आणि आता त्या पाइपलाइनकडे जरा जवळून पाहू, कारण माझ्या मते माणसाने बांधलेल्या सर्वांत शहाण्या वास्तूंपैकी ती एक आहे.

उत्तर अलास्काची जमीन कायमची गोठलेली आहे. मातीच्या कणांमधले पाणी हजारो वर्षे बर्फ होऊन बसले आहे आणि त्या बर्फाच्या जोरावरच जमीन टणक आहे. जमिनीच्या पोटातून येणारे तेल मात्र चांगलेच गरम असते. असा गरम पाइप गोठलेल्या मातीत पुरला तर बर्फ वितळेल, मातीचा चिखल होईल, पाइप खचेल आणि फुटेल. म्हणून निम्म्याहून जास्त लांबी, सुमारे ४२० मैल, जमिनीच्या वर खांबांवर उचलून नेली. असे ७८,००० खांब. पण खांबसुद्धा जमिनीतच रोवायचे आणि लोखंडातून उष्णता खाली उतरतेच. यावर जो उपाय केला तो पाहून मी थक्क झालो. बहुतेक खांबांच्या आत दोन-दोन बंद नळ्या सोडल्या आहेत आणि त्यांत थोडा अमोनिया भरला आहे. हिवाळ्यात वरची हवा जमिनीपेक्षाही थंड असते. तेव्हा खालचा द्रव अमोनिया मातीतली उष्णता शोषून वाफ होतो, ती वाफ वर चढते, वरच्या टोकाला असलेल्या ॲल्युमिनियमच्या पात्यांतून उष्णता हवेत सोडते, पुन्हा द्रव होते आणि नळीच्या भिंतीवरून खाली ओघळते. पंप नाही, वीज नाही, देखरेखीला माणूस नाही. उन्हाळ्यात हवा गरम झाली की हे चक्र आपोआप थांबते, म्हणजे उष्णता उलटी खाली जाण्याचा धोकाच नाही. सव्वा लाखाच्या आसपास अशा नळ्या गेली चाळीसहून जास्त वर्षे हिवाळाभर मुकाट्याने जमीन गोठवत आल्या आहेत.

पाइपलाइन सरळ रेषेत जात नाही, नागमोडी जाते. थंडी-उन्हाने पोलाद आकसते-प्रसरते, त्याला वळणांमुळे वाव मिळतो. पाइप खांबांना जखडलेला नाही. आडव्या तुळईवर टेफ्लॉन लावलेल्या बुटांवर तो नुसता ठेवला आहे, घसरायची मुभा ठेवून. देनाली भ्रंश ओलांडतो तिथे अभियंत्यांनी या तुळया मुद्दाम लांबच लांब केल्या. ३ नोव्हेंबर २००२ रोजी तो भ्रंश हलला. ७.९ तीव्रतेचा भूकंप, पाइपलाइनपाशी जमीन आडवी चार मीटरच्या वर सरकली. पाइप तुळयांवरून घसरला, काही आधार मोडले, पण तेलाचा एक थेंब सांडला नाही. तीस वर्षांपूर्वी कागदावर मांडलेले गणित त्या दिवशी खरे ठरले.

१९७५ च्या मार्चमध्ये पहिला पाइप टाकला गेला, कामगारांची संख्या शिगेला पोहोचली तेव्हा २८,००० होती, आणि २० जून १९७७ रोजी प्रूडो बेचे तेल नळीत सोडले. खर्च ८०० कोटी डॉलर, सगळा कंपन्यांचा. सिनेटरने इथे तिजोरीतून पैसा आणला नव्हता, कायद्याची वाट मोकळी करून दिली होती. राज्याने पुढच्या बाबतीत दूरदृष्टी दाखवली. १९७६ मध्येच घटनादुरुस्ती करून तेलाच्या स्वामित्वधनाचा किमान चौथा हिस्सा कायमस्वरूपी निधीत टाकण्याचे ठरवले आणि १९८२ पासून त्याचा लाभांश दरवर्षी प्रत्येक रहिवाशाला, लेकराबाळांसकट, मिळू लागला. पहिला धनादेश १,००० डॉलरचा होता. हे श्रेय राज्यपाल जे हॅमंड यांचे, ते त्यांनाच द्यायला हवे.

पण २४ मार्च १९८९ विसरता येत नाही. व्हॅल्डीझहून निघालेले एक्झॉन कंपनीचे जहाज खडकावर चढले आणि सुमारे १ कोटी १० लाख गॅलन तेल प्रिन्स विल्यम साउंडच्या पाण्यात पसरले. पाइप टिकला, जहाज टिकले नाही. हजारो पाणमांजरे आणि लाखो समुद्रपक्षी मेले आणि हेरिंगची मासेमारी पुढे कोसळली ती पुन्हा उभी राहिली नाही.

आता एक विसंगती पाहा. या तेलसंपन्न राज्यातल्या खेड्यांत दिवे लागतात ते डिझेल जनित्रांवर, आणि ते डिझेल उन्हाळ्यात नदी मोकळी झाली की तराफ्यांवरून येते. वर्षभराचे इंधन एकदम साठवायचे. त्या टाक्या जुन्या, गंजलेल्या, गळक्या. गळलेले तेल पिण्याच्या पाण्यात. कित्येक घरांत शौचालय म्हणजे एक बादली. १९९८ मध्ये स्टीव्हन्स यांनी देनाली आयोग स्थापन करवला: केंद्राचा पैसा, पण तो कुठे लागावा याचा विचार अलास्कातच. या आयोगाने खेडोपाडी इंधनाच्या टाक्या बदलल्या, जनित्रे बसवली, दवाखाने बांधले. १९९७ ते २००५ या काळात, मधला दीडेक वर्षाचा खंड सोडला तर, स्टीव्हन्स विनियोग समितीचेच अध्यक्ष होते. त्यांच्या कामांतले देनाली आयोगाचे हे काम मला सर्वांत मोलाचे वाटते. पाइपलाइन आज ना उद्या कोणीतरी बांधलीच असती. दोनशे वस्तीच्या गावातली गळकी टाकी कोणाच्या यादीत आली असती?

याच ताकदीची दुसरी बाजू २००५ मध्ये साऱ्या अमेरिकेने पाहिली. केचिकन गावासमोरच्या ग्रॅव्हिना बेटावर जायला पूल बांधण्यासाठी २२ कोटींहून जास्त डॉलर मंजूर झाले होते. बेटावर वस्ती पन्नासेक माणसांची. गावाचा विमानतळ तिथेच आहे, त्यामुळे पूल अगदीच निरर्थक नव्हता, पण फेरीबोट काही मिनिटांत पलीकडे पोहोचवते. कत्रिना वादळाने लुइझियाना उद्ध्वस्त झालेला असताना हा पैसा तिकडच्या पुलाला द्यावा अशी सूचना आली. स्टीव्हन्स सिनेटमध्ये संतापून उठले आणि असे झाले तर मी राजीनामा देईन, असे बजावले. सूचना ८२ विरुद्ध १५ मतांनी पडली. एवढ्या प्रचंड फरकाने का? प्रत्येकाला आपापल्या राज्याच्या ओळीची चिंता होती. माझ्या मते त्या दिवशी ते चुकले. लोकांचा रोष इतका वाढला की काँग्रेसने पुलाची अट काढून टाकली, पैसे मात्र अलास्काकडेच ठेवले. आणि २००७ मध्ये राज्यानेच पुलाचा बेत सोडला. २०११ मध्ये अशा खास तरतुदींवर बंदी आली, ती पुढे दशकभर टिकली.

चाळीस वर्षांच्या ज्येष्ठतेलाही एक दार उघडता आले नाही. प्रूडो बेच्या पूर्वेला आर्क्टिक अभयारण्य आहे. त्याच्या किनारपट्टीवरचा १५ लाख एकरांचा तुकडा १९८० च्या कायद्याने अधांतरी ठेवला: तेल काढायचे की नाही ते काँग्रेस नंतर ठरवील. हजारो कॅरिबू दर उन्हाळ्यात तिथे व्यायला येतात. त्यांच्यावर जगणारे ग्विचिन लोक विरोधात, तर त्याच पट्टीत राहणाऱ्या काक्तोविक गावातले अनेक इनुपिआक बाजूने. १९९५ मध्ये तरतूद मंजूर झाली, पण राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी नकाराधिकार वापरला. डिसेंबर २००५ मध्ये स्टीव्हन्स यांनी ती संरक्षण खर्चाच्या विधेयकाला जोडली. इराकमध्ये सैनिक लढत असताना त्यांच्या पगाराचे विधेयक कोण अडवणार, असा हिशेब होता. चर्चा थांबवायला ६० मते लागत होती. ५६ पडली. नियमांचा एवढा जाणकार माणूस शेवटी नियमापाशीच अडला.

त्यानंतरची वर्षे कष्टाची गेली. २००८ मध्ये भेटवस्तू आणि घरदुरुस्तीची माहिती दडवल्याच्या आरोपांवरून ते दोषी ठरले आणि आठवडाभरातच झालेली निवडणूक ४,००० हून कमी मतांनी हरले. २००९ च्या एप्रिलमध्ये न्यायाधीशांनी तो निकाल रद्द केला, कारण सरकारी वकिलांनी बचावाच्या उपयोगाचा पुरावा लपवून ठेवला होता. खुर्ची मात्र परत मिळाली नाही. १९७८ मध्ये अँकरेजला विमान कोसळून त्यांच्या पत्नीचे निधन झाले होते आणि ते स्वतः वाचले होते. ९ ऑगस्ट २०१० रोजी दक्षिण-पश्चिम अलास्कात छोटे विमान डोंगराला धडकले, त्यात ८६ वर्षांचे स्टीव्हन्स गेले.

अभयारण्याचे दार उघडले ते २०१७ मध्ये. सिनेटर लिसा मर्कोव्स्की यांनी करकपातीच्या विधेयकात ती तरतूद घातली आणि त्या प्रकारच्या विधेयकाला साधे बहुमत पुरते, म्हणून ती तरली. ६ जानेवारी २०२१ रोजी पहिला लिलाव झाला. एकही मोठी तेल कंपनी आली नाही. बहुतेक तुकडे अलास्का राज्याच्या स्वतःच्याच विकास महामंडळाने घेतले आणि सगळी बोली मिळून दीड कोटी डॉलरही भरली नाही. तोवर टेक्सास आणि नॉर्थ डकोटात शेल खडक फोडून निघणारे तेल स्वस्त आणि हाताशी झाले होते, आणि वादग्रस्त किनाऱ्यावर पैसा घालायला बँका तयार नव्हत्या.

इकडे जुन्या पाइपलाइनमध्ये आता १९८८ च्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी तेल वाहते. तेव्हा दिवसाला २० लाख पिंपांवर तेल जाई आणि व्हॅल्डीझला पोहोचायला चार-पाच दिवस लागत. आता अडीच आठवडे लागतात. एवढा वेळ वाटेत राहिलेले तेल थंड होते, त्यातले मेण पाइपच्या आतल्या भिंतीला धरते, पाणी खाली साचून गोठण्याचा धोका असतो, म्हणून ठिकठिकाणी तेल तापवावे लागते. ज्या पाइपच्या उष्णतेपासून जमीन वाचवण्यासाठी एवढी करामत केली, त्याच पाइपला आता हिवाळ्यात ऊब द्यावी लागते. दुसरीकडे हवाच गरम होत चालल्याने काही उतारांवर खांबांखालची जमीन सैल होऊ लागली आहे आणि तिथे जादा शीतनळ्या रोवण्याचे काम चालू झाले आहे.